हाय-रेझ डाउनलोड घ्यावं का? आकडा मोठा, पण तंबोरा कुठेय

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांचा वेळ वाचेल. एकाच मास्टरवरून (गाण्याची शेवटची तयार प्रत, जिच्यावरून सीडी-फाइली निघतात) काढलेलं सीडी क्वालिटीचं फ्लॅक (आवाज न बिघडवता दाबलेली फाइल), म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, आणि त्याचंच २४ बिट ९६ किंवा १९२ वालं हाय-रेझ फ्लॅक, यांच्यात मला फरक ऐकू येत नाही, घरात कोणालाच येत नाही, आणि "छे हो, जमीन-अस्मानाचा फरक आहे" म्हणणाऱ्यांना कुठलं काय वाजतंय ते न सांगता बसवलं की त्यांनाही येत नाही. पण दुकानातून हाय-रेझ म्हणून विकत घेतलेली फाइल आणि कपाटातली जुनी सीडी यांच्यात फरक येतो, कधीकधी दणदणीत येतो, आणि दरवेळी तो हाय-रेझच्या बाजूनं असतो असं अजिबात नाही. घोळ सगळा इथेच आहे. लोक फरक ऐकतात एका गोष्टीचा आणि पैसे मोजतात दुसऱ्याच गोष्टीचे.

तर हा रिव्ह्यू कुठल्या एका साइटचा नाही, हाय-रेझ डाउनलोड नावाच्या मालाचा आहे. मध्यंतरी दोन-तीन परदेशी साइटींवरनं थोडे थोडे अल्बम घेत गेलो, बहुतेक हिंदुस्तानी शास्त्रीय, थोडी जुनी हिंदी गाणी, एक पियानोचा. इंदूरला राहून शास्त्रीय नाही घेणार तर काय घेणार, अमीर खाँ साहेबांचं गाव, तासाभरावर देवासला कुमारजींचं घर, आणि इकडे रामबाग-टिळकनगरात अजूनही अशी घरं आहेत जिथे टीव्हीपेक्षा रेकॉर्ड प्लेयरला जास्त मान आहे. सामान म्हणाल तर लॅपटॉप, त्याला बोटाएवढा यूएसबी डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा), वायरवाले बरे हेडफोन, आणि खाली मोठ्या काकांच्या खोलीत त्यांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली अँप-स्पीकरची जोडी. लाखांचा सेटअप नाहीये हे मान्य, पण ज्यांच्याकडे लाखांचा आहे त्यांच्या टेस्टबद्दलही खाली लिहिलंय.

आता थोडे आकडे, कारण विकणारे आकड्यांवरच विकतात. सीडीचं स्टँडर्ड सोनी आणि फिलिप्सनी १९८० मध्ये ठरवलं आणि पहिला प्लेयर १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात बाजारात आला. ४४.१ हा विचित्र आकडा कुठून आला तर तेव्हा डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरायचे, एका फील्डमधल्या (म्हणजे व्हिडिओच्या अर्ध्या चित्रातल्या) कामाच्या २४५ ओळी, दर ओळीत ३ सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, सेकंदाला ६० फील्ड, करा गुणाकार, बरोब्बर ४४,१००. त्यात कानाचा हिशोबही बसत होता. सॅम्पलिंग रेटच्या निम्म्यापर्यंतची फ्रिक्वेन्सी पूर्णपणे पकडता येते, म्हणजे सीडीत २२.०५ किलोहर्ट्झपर्यंत, आणि माणसाचा कान ऐन तरुणपणात २० पर्यंत पोचतो. चाळिशी उलटल्यावर १५-१६ ऐकू आलं तरी नशीब समजा, साठीनंतर तर त्याहून बरंच खाली. १९२ ची फाइल ९६ किलोहर्ट्झपर्यंतचं साठवू शकते, पण ते वटवाघळांच्या कामाचं.

ब्रोशरमध्ये ते एक चित्र असतं ना, सीडीची लहर पायऱ्या-पायऱ्यांची आणि हाय-रेझची गुळगुळीत, ते चित्र पाहूनच निम्मा माल खपत असेल. डॅकमधून जी लहर बाहेर पडते तिला पायऱ्या नसतातच, फिल्टरमधून ती सलग होऊनच येते. १० किलोहर्ट्झचा सूर ४४.१ मध्ये जेवढा गुळगुळीत तेवढाच १९२ मध्ये. जास्त सॅम्पल घेतल्यानं मधले "हरवलेले तपशील" परत येत नाहीत, कारण त्या हद्दीतलं काही हरवलेलंच नसतं. हे गणित सीडी यायच्या कितीतरी आधी सिद्ध झालेलं आहे, कोणाच्या मताचा प्रश्न नाही.

राहिले बिट. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटला ९६ आणि २४ ला १४४. ऐकायला भारी वाटतं. पण आपण ज्या खोलीत बसतो ती बघा. शांत म्हणतो त्या खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, पंखा लावला की आणखी वर. आणि सकाळी ऐकायला बसलात तर इंदूरमध्ये कचरा गाडी येणारच, २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिला नंबर घेऊन बसलंय त्याची किंमत म्हणून ते लाउडस्पीकरवरचं गाणं रोज ऐकायचं. अशा खोलीत सीडीचे ९६ डेसिबल पूर्ण वापरायचे झाले तर वरचा आवाज १२५ च्या पुढे न्यावा लागेल, तिथे कान दुखायला लागतात आणि शेजारचे जोशी-कुलकर्णी सगळे वर येतात. बरं, १४४ डेसिबल खरोखर देणारा डॅक अजून झालेला नाही, चांगल्यात चांगले १२०-१३० च्या घरात थांबतात. मग २४ बिट कशाला आहे? रेकॉर्डिंगसाठी. गायक अचानक तारसप्तकात गेला तर फाटू नये म्हणून इंजिनियर लेव्हल खाली ठेवतो, मिक्सिंगमध्ये पन्नास प्रोसेस होतात, तिथे ते जादाचे ८ बिट खरंच कामाला येतात. माल तयार झाल्यावर ते आपल्या घरापर्यंत आणायची गरज नसते.

आता माझ्या टेस्टकडे. इथे एक गोष्ट जवळून दाखवतो कारण निम्मा भ्रम त्यातच आहे. माझ्या डॅकवर एक बारीक दिवा आहे, ४४.१ ची फाइल लावली की हिरवा, ९६ ची लावली की जांभळट. आमचा आतेभाऊ आला होता, त्याला हाय-रेझचं भयंकर वेड. मी एक सतारीचा अल्बम लावला जो मुळात २४/९६ मध्येच रेकॉर्ड झालेला आहे. दिवा जांभळा झाला की हा डोळे मिटून मान डोलवायचा, "बघ, चिकारीच्या तारा कशा सुट्या सुट्या ऐकू येतात", हिरवा झाला की "आता बघ, सपाट झालं". मग मी काय केलं, सॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यानं ती २४/९६ ची फाइल डिथर (बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर) लावून १६/४४.१ केली आणि तीच परत २४/९६ च्या डब्यात भरली, म्हणजे आत माल सीडीचा पण दिवा जांभळा. ही लावल्यावर साहेब पुन्हा चिकारीवर फिदा. त्याला काही बोललो नाही, वहिनींनी पोहे आणले होते, विषय बदलला.

पण ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांनी हीच पद्धत वापरा. फूबार २००० मध्ये एबीएक्स कंपॅरेटर नावाचा भाग टाकता येतो. तो तुम्हाला ए आणि बी दाखवतो, मग एक्स वाजवतो आणि विचारतो हा कोण. सोळा वेळा करा. निव्वळ अंदाजानं आठेक बरोबर येतील, बारा किंवा जास्त आले तर काहीतरी ऐकू येतंय असं म्हणायला जागा आहे. दोन फाइल वेगवेगळ्या रेटच्या ठेवू नका, बरेच डॅक रेट बदलताना बारीक टक् असा आवाज करतात आणि कान तोच पकडतो. आणि आवाजाची लेव्हल तंतोतंत सारखी पाहिजे. अर्धा डेसिबल जरी एक फाइल मोठी असली तरी ती "मोठी" वाटत नाही, "चांगली" वाटते. दुकानात दोन गोष्टी एकामागून एक ऐकवतात तिथे हे आधी विचारावं. मी सतार, पियानो, एक तबला सोलो, सगळ्यांवर केलं, निकाल अर्ध्याच्या आसपासच घुटमळत राहिला. तबल्याच्या चाटेवर फरक कळेल असं वाटलं होतं कारण तिथे वरच्या फ्रिक्वेन्सी भरपूर असतात, तिथेही नाही.

आता म्हणाल तुमचे कान आणि तुमचा डॅक, त्याला काय अर्थ. ठीक. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक टेस्ट छापली. महागड्या सिस्टिमवर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे त्या काळच्या हाय-रेझ डिस्क, वाजवायच्या आणि मध्ये गुपचूप १६/४४.१ चा एक टप्पा घालायचा किंवा काढायचा. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे ४९.८ टक्के. याच्यावर टीकाही झाली की त्यातल्या काही डिस्कमध्ये मुळात हाय-रेझ माल होता का हेच पक्कं नव्हतं, आणि टीका रास्त आहे. मग २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, साडेबारा हजारांच्या वर उत्तरं, सरासरी आली ५२.३ टक्के. मुद्दाम ट्रेनिंग दिलेल्यांची साठच्या आसपास. हाय-रेझवाले हा पेपर हातात घेऊन नाचतात, सीडीवाले त्यालाच हसतात. माझं म्हणणं, बरं बाबा, काहीतरी इवलंसं असेल, खास ट्रेनिंग घेऊन, शांत खोलीत, लक्ष देऊन ऐकल्यावर दहातल्या सहा वेळा कळेल एवढं. त्याच्यासाठी दीडपट-दुप्पट पैसे द्यायचे का हे ज्याचं त्यानं ठरवावं, मी देणार नाही.

पण मेयर-मोरानच्या त्याच पेपरात एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी लिहिलंय की हे हाय-रेझ डिस्क साध्या सीडींपेक्षा बरेचदा खरंच चांगले वाजत होते, कारण ते बनवणाऱ्यांनी मास्टरिंग जास्त निगुतीनं केलेलं होतं. आणि ते चांगलेपण १६/४४.१ मधून गेल्यावरही तसंच राहिलं. म्हणजे चव मास्टरची होती, बिटची नव्हे.

हे मला कळलं काकांमुळे. एका मोठ्या ख्याल गायकाचं ५०-६० च्या दशकातलं रेकॉर्डिंग, गायकाचं आणि लेबलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्याकडे त्याची नव्वदच्या दशकातली सीडी आहे. काकांनी ती इतकी वाजवलीय की खोक्याचं बिजागर तुटून रबरबँडवर आलंय. त्याचंच २४/९६ रीमास्टर आलं म्हणून मी डाउनलोड केलं आणि मोठ्या ऐटीत खाली जाऊन लावलं. पहिली दोन मिनिटं काका गप्प. मग म्हणाले, "अरे, तंबोरा कुठे गेला रे?"

मी म्हटलं, "काका, हे चोवीस बिटचं आहे, सगळं क्लीन केलंय."

"असेल रे बाबा. पण हा माणूस एकटाच गाऊन राहिलाय."

काकांचं वय बहात्तर, दहा किलोहर्ट्झच्या वर त्यांना काही ऐकू येत असेल असं वाटत नाही, पण पन्नास वर्षं तबल्याला बसलेला माणूस आहे, तंबोरा नाहीये हे त्यांना पहिल्या आलापातच कळलं. वर येऊन दोन्ही फाइल हेडफोनवर लावल्या. सीडीत टेपची शूं अशी सळसळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे, आणि त्या सळसळीतून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, येत राहते, गायक श्वास घेतो तिथे ती उघडी पडते, मागे कोणीतरी हलकेच "वाह" म्हणतं तेही आहे. हाय-रेझवाल्यात सळसळ गायब, सुरुवात एकदम काळी शांत, आणि गायक थांबला की मागे पोकळी. कारण सरळ आहे, जवारीचे बारीक वरचे सूर आणि टेपची सळसळ साधारण एकाच पट्ट्यात राहतात, सॉफ्टवेअरला सळसळ काढायला सांगितली की ते तंबोराही सोबत उचलून नेतं. शिवाय लिमिटर (मोठे आवाज दाबून बाकीचं वर उचलणारं यंत्र) लावून सगळं मोठं केलेलं, त्यामुळे विलंबितात जो गायक कुजबुजतोय तो आणि द्रुतात जो गरजतोय तो जवळपास एकाच आवाजात. ख्यालाचा अर्धा खेळ त्यातच असतो हो.

मग पक्कं करायला उलटसुलट करून पाहिलं. हाय-रेझ फाइल सीडीच्या रेटला आणली, तंबोरा नाही. सीडी रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, २४/९६ ला चढवली, तंबोरा आहे. म्हणजे बिटचा आणि किलोहर्ट्झचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. आणि तसंही त्या काळच्या टेपची ताकद ६०-७० डेसिबलची, म्हणजे ११-१२ बिटमध्ये आरामात मावेल असा माल, ७८ च्या तबकड्यांचं तर त्याहून कमी. त्याला २४ बिटची पेटी कशाला हवी? जुन्या शास्त्रीय रेकॉर्डिंगसाठी मूळ टेप नीट शोधणं, योग्य स्पीडला वाजवणं, पट्टी बरोबर ठेवणं, कातरी कमी चालवणं, एवढं कोणी केलं तर मी १६ बिटला जास्त पैसे देईन, आनंदानं देईन.

उलटी केसही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकांगी लिहितोय. पियानोचा जो अल्बम घेतला त्याची दोन हजारच्या दशकातली सीडी मित्राकडे होती. ती त्या काळातली आहे जेव्हा सगळ्या कंपन्या एकमेकांपेक्षा मोठ्या आवाजाच्या सीडी काढायच्या नादाला लागल्या होत्या, वेव्हफॉर्म बघितला तर विटेसारखा दिसतो. हाय-रेझवाला नवा मास्टर, लिमिटर जवळपास नाहीच, हातोडी तारेवर पडते तो क्षण आणि नंतरचं विरत जाणं सुरेख. पैसे वसूल. पण तोही सीडी रेटला उतरवून ऐकला, तेवढाच सुरेख. म्हणजे कंपनीला हा चांगला मास्टर सीडीवर देता आला असता, दिला नाही, कारण मग वरचे पैसे कशाचे मागणार.

जुन्या हिंदी गाण्यांच्या बाबतीत मात्र चक्क फसवणूक. २४/९६ म्हणून घेतलेल्या एका संग्रहाच्या फाइली स्पेक नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडल्या (हा प्रत्येकानं ठेवावा, फाइल टाकली की फ्रिक्वेन्सीचं रंगीत चित्र काढून देतो), तर बहुतेकांत २२ किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखी रेघ, वर पूर्ण काळं. म्हणजे सीडीचीच फाइल चढवून ९६ केलेली. दोन-तीन गाण्यांत तर कापलेली रेघ सोळाच्या आसपास, म्हणजे ते गाणं आयुष्यात कधीतरी एमपी३ होतं. पाव किलो शेव पाच किलोच्या डब्यात भरली म्हणून पाच किलो होत नाही, हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको. साइटला चित्रासकट मेल टाकला तर उत्तर आलं की लेबलनं जे दिलं तेच आम्ही विकतो. एक सावधगिरी, वर काही दिसत नाही म्हणून लगेच बोंब मारू नका, जुन्या माइक आणि टेपमध्ये वरचा भाग मुळातच नसतो आणि तो चित्रात हळूहळू फिका होत जातो, ते नैसर्गिक आहे. सरळ पट्टीनं कापलेली रेघ दिसली की समजायचं. बाय द वे त्याच संग्रहात एका गाण्यामागे नंतर चिकटवलेला ढोलक ऐकू आला, नव्वदच्या कॅसेटवाल्यांना झंकार बीट्स आठवतील. ते २४ बिटमध्ये आणखी स्पष्ट वाजतात एवढंच.

सोनेरी स्टिकरबद्दल पण दोन शब्द. हाय-रेझ ऑडिओचा तो काळा-सोनेरी लोगो जपान ऑडिओ सोसायटीचा आहे, आणि यंत्राला तो मिळायला ४० किलोहर्ट्झपर्यंत चालण्याची अट असते. ते ४० किलोहर्ट्झ कसे वाजतात, तुमच्या कानाला काय मिळतं, याची हमी तो देत नाही. जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये केबल घ्यायला गेलो होतो, तिथे चारशे रुपयांच्या इयरफोनच्या खोक्यावर हुबेहूब तसाच स्टिकर. मी विचारलं खरा आहे का, तर म्हणे, "भिया, ले जाओ, कान खुल जाएँगे." कान उघडे ठेवूनच केबल घेतली आणि निघालो.

आणि ज्यांनी ब्लूटूथचे हेडफोन घालून हाय-रेझचं सबस्क्रिप्शन घेतलंय त्यांना साष्टांग नमस्कार. साधी सीडी सेकंदाला १४११ किलोबिट, ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची साधी पद्धत एसबीसी ३३० च्या आत-बाहेर, त्याहून वरच्या एलडॅकची कमाल ९९०. म्हणजे या दोन्हींतून सीडीसुद्धा जशीच्या तशी जात नाही, हाय-रेझ कुठून जाणार. वायर लावली तरी अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा सगळं ४८ किलोहर्ट्झला वळवूनच बाहेर देतो, ते टाळायला यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखं वेगळं अ‍ॅप लागतं. अ‍ॅपलची ती छोटी पांढरी डोंगल पण २४/४८ च्या वर जात नाही. अ‍ॅपल म्युझिकनं जून २०२१ पासून लॉसलेस आणि हाय-रेझ त्याच वर्गणीत देऊन टाकलं, जादा पैसे न घेता, त्यानंतर निव्वळ आकड्यासाठी वेगळं डाउनलोड विकत घेण्यात आणखीच कमी अर्थ राहिला.

हा धंदा काही नवा नाही म्हणा. एसएसीडी १९९९ ला आली, डीव्हीडी-ऑडिओ २००० च्या आसपास, दोन्ही सर्वसामान्य घरात पोचल्याच नाहीत. नील यंगनं २०१४ मध्ये पोनो नावाचा तिकोनी प्लेयर आणि त्याचं हाय-रेझ दुकान काढलं, किकस्टार्टरवर साठ लाख डॉलरच्या वर गोळा झाले, २०१७ पर्यंत सगळं गुंडाळलं. मग एमक्यूए नावाची हाय-रेझ दाबून भरायची पद्धत आली, "स्टुडिओतला खरा आवाज" म्हणून, ती कंपनी २०२३ ला बुडीत निघाली आणि टायडल या स्ट्रीमिंगवाल्यांनी २०२४ मध्ये तिच्या फाइली काढून साधं फ्लॅक ठेवलं. दर पाच-सात वर्षांनी कोणीतरी आपल्याला सांगायला येतो की आतापर्यंत तुम्ही जे ऐकलंत ते खरं संगीत नव्हतंच.

जागेचा हिशोबही करा. तासाभराचा अल्बम सीडी क्वालिटीत दाबायच्या आधी ६३५ एमबी, २४/१९२ मध्ये ४ जीबीच्या वर. फ्लॅकनं साधारण निम्मं होतं पण प्रमाण तेच राहतं. एका टेराबाइटच्या डिस्कवर जिथे तीनेक हजार सीडी मावतील तिथे हे पाचशेच्या आत संपणार. आणि बऱ्याच अँपला ती ऐकू न येणारी वरची फ्रिक्वेन्सी झेपत नाही, तिची आपसात गल्लत होऊन ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच बारीक घाण तयार होते, म्हणजे पैसे जास्त देऊन आवाज किंचित वाईट, असंही होऊ शकतं.

मग घ्यायचं काय. माझं आता असं ठरलंय की पानावर मास्टरिंग कोणी केलं, कुठल्या टेपवरून केलं, कुठल्या साली केलं हे लिहिलेलं असेल तर विचार करायचा, नुसतं "स्टुडिओ मास्टर २४/१९२" लिहिलं असेल तर पुढे सरकायचं. तोच मास्टर १६/४४.१ मध्ये स्वस्त मिळत असेल तर तो घ्यायचा, अजिबात वाईट वाटून घ्यायचं नाही. बँडकँपवर बरं आहे, कलाकार जे चढवतो ते त्याच किमतीत फ्लॅकमध्ये मिळतं, २४ बिट असलं तरी वरचे पैसे नाहीत, आणि पैशातला मोठा वाटा गाणाऱ्याला जातो. आपल्या शास्त्रीयवाल्यांना डाउनलोडचा खरा फायदा वेगळाच आहे, एलपीची बाजू वीस-बावीस मिनिटांची, सीडी ७४ ते ८० मिनिटांची, फाइलला अशी मर्यादाच नाही, दीड तासाची मैफल न तोडता मिळू शकते. ते विकणारे कमी आहेत, पण त्यासाठी मी कितीही बिटला तयार आहे.

जुन्या सीडी रद्दीत देऊ नका, ही कळकळीची विनंती. ऐंशी-नव्वदच्या सीडींवर बरेचदा लिमिटर न लावलेला, कातरी न चाललेला मास्टर असतो. लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो आता, पण यूएसबीवाला डीव्हीडी रायटर जेल रोडला सहज मिळतो, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांनी केलेल्या रिपच्या नोंदींशी) जुळलं की समजायचं बिट न् बिट बरोबर आला. काकांची ती रबरबँडवाली सीडी पहिल्यांदा रिप केली तेव्हा तिसऱ्या ट्रॅकवर चरा होता, ड्राइव्ह घरघर करत बराच वेळ वाचत बसला आणि शेवटी जुळलं.

आणि हिशोबात हजार-दोन हजार उरले तर हेडफोनमध्ये घाला, किंवा स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढून मागे जाड पडदा लावा, त्यानं जो फरक पडतो तो काकांनाही ऐकू येतो आणि आतेभावालाही. डाउनलोड घ्यायच्या आधी साइटवरची रिफंडची अट मात्र वाचून घ्या. मी जिथून घेतलं तिथे बारीक अक्षरात लिहिलंय की फाइल एकदा उतरवली की पैसे परत नाहीत, मग ती आतून सीडी निघो नाहीतर एमपी३.